शनीचा दहावा उपग्रह कक्षेत बसत का नव्हता? (जेनस आणि एपिमेथियस)

कड्यांचा_नाद

सत्तरच्या दशकातलं खगोलशास्त्राचं एक पुस्तक चाळत होतो. शेवटी ग्रह-उपग्रहांचे तक्ते होते. शनीचे उपग्रह दहा. सगळ्यात आतला जेनस, शनीच्या केंद्रापासून साधारण १ लाख ५९ हजार किमीवर, प्रदक्षिणा जवळपास अठरा तासांची.

आजचा कुठलाही तक्ता काढा. जेनस १ लाख ५१ हजार किमीवर आणि प्रदक्षिणा १६ तास ४० मिनिटांची. मापं सुधारत जातात हे मान्य, पण सव्वा तासाचा फरक? व्यास चुकतो, वस्तुमान चुकतं, कारण ते ठिपक्याच्या उजेडावरून ताडायचं असतं. प्रदक्षिणेचा काळ मात्र वेध वाढत गेले की आपोआप घट्ट होत जातो. तोच इतका कसा चुकला?

शोधत गेलो तर हाती लागलेली गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवेना.

१९६६ साली शनीची कडी पृथ्वीवरून पाहताना काठावर आली होती. दर चौदा-पंधरा वर्षांनी पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून जाते, तेव्हा ती जवळजवळ दिसेनाशी होतात. रुंदी लाखो किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. काठावरून दिसणार काय? एरवी कड्यांचा झगमगाट इतका असतो की त्यांना खेटून फिरणारं काहीही त्यात बुडून जातं. हा झगमगाट काही दिवसांपुरता मावळतो आणि लहान उपग्रह हुडकणाऱ्यांची तेवढीच चंगळ.

१५ डिसेंबर १९६६ रोजी फ्रान्समध्ये पायरेनीज पर्वतातल्या पिक दु मिदी वेधशाळेतून ओदुआँ दोल्फस यांना कड्याच्या टोकाबाहेर एक ठिपका दिसला. नवा उपग्रह! त्यांनी नाव सुचवलं जेनस, दारांचा रोमन देव, मागे एक आणि पुढे एक अशा दोन तोंडांचा. तीनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, अमेरिकेत फ्लॅगस्टाफच्या नौदल वेधशाळेत रिचर्ड वॉकर यांनाही तिथेच ठिपका दिसला. तोही जेनसच, असं सगळ्यांनी धरलं. दुसरं काय धरणार?

पण सगळे वेध एका कक्षेत बसेनात. या रात्रीचे चार बसवले की त्या रात्रीचे दोन निसटतात. मग ओढूनताणून जी कक्षा निघाली ती अठरा तासांची, आणि तीच पुस्तकांत छापली गेली.

असं समजा की गोल धावपट्टीवर एकसारखे कपडे घातलेले दोन धावपटू जवळजवळ एकाच वेगाने पळताहेत. तुम्हाला फक्त अधूनमधून काढलेले फोटो मिळतात आणि प्रत्येकात एकच धावपटू दिसतो. दोघे आहेत हे ठाऊक नाही, त्यामुळे पहिल्या फोटोतला अ आणि तिसऱ्या फोटोतला ब तुम्ही एकच समजता आणि एका फेरीचा वेळ काढता. उत्तर येतं, नाही असं नाही. फक्त तो वेळ अचाही नसतो आणि बचाही नसतो.

हे लक्षात यायला बारा वर्षं गेली. ऑक्टोबर १९७८ मध्ये स्टीफन लार्सन आणि जॉन फाउंटन यांनी १९६६चे जुने वेध पुन्हा मांडून बसवले आणि म्हणाले, इथे दोन उपग्रह आहेत, एकाच वाटेवर. नवी दुर्बीण नाही, नवा फोटो नाही. १९८० मध्ये व्हॉयेजर १ शनीपाशी पोहोचलं आणि दोघांची शहानिशा झाली. दुसऱ्याचं नाव एपिमेथियस.

आता खरी मजा. दोघांच्या कक्षांत फक्त ५० किमीचा फरक आहे. जेनसचा सरासरी व्यास १७९ किमी, एपिमेथियसचा ११६. पुढचं प्रतिसादांत लिहितो, हाताला रग लागली.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन तोंडांच्या देवाचं नाव दिलं आणि निघाले दोन उपग्रह, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर पटलं नसतं.

शंकासुर

धागा झकास. पण ऐन मोक्यावर हाताला रग लागली वाटतं!

कक्षांत अंतर ५० किमी. त्रिज्या धरल्या तर ९० आणि ५८, म्हणजे शेजारून जाताना दोघांच्या केंद्रांत निदान दीडशे किमी तरी हवेत. ५० मध्ये मावणार कसे? आतला जास्त वेगाने फिरतो हे शाळेत शिकलोय. म्हणजे कधी ना कधी तो बाहेरच्याला गाठणार आणि धडकणार. १९६६पासून आजवर धडकले नाहीत, म्हणजे एक तर ५० हा आकडा चूक, नाहीतर तुम्ही काहीतरी लपवताय.

रात्रपाळी

शंकासुर, यात लपवण्यासारखं काय आहे? आतला बाहेरच्याजवळ आला की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला गोफणीसारखा झोका मिळतो आणि तो वळसा घालून पुढे निघून जातो. याने ग्रहाला वळसा घालतात ना, तसंच. ओव्हरटेक करतो म्हणा.

आकडेमोड

रात्रपाळी, नाही हो. ओव्हरटेक होतच नाही. आतला बाहेरच्याच्या पुढे कधीच जात नाही. ते कसं हे सांगण्याआधी आकडे मांडतो, म्हणजे दृश्य डोळ्यांपुढे राहील.

कक्षेची त्रिज्या १,५१,४५० किमी धरा. परीघ साडेनऊ लाख किमी. ६० हजार सेकंदांत एक फेरी, म्हणजे वेग सेकंदाला जवळपास १६ किमी. हा शनीभोवतीचा वेग, दोघांचाही.

केपलरच्या तिसऱ्या नियमाने काळ त्रिज्येच्या दीड घाताच्या प्रमाणात. त्रिज्येत ५० किमीचा फरक, म्हणजे तीन हजारांत एक. काळात त्याच्या दीडपट, दोन हजारांत एक. ६० हजार सेकंदांचा दोन हजारावा भाग तीस सेकंद. आतल्याची फेरी बाहेरच्यापेक्षा तीस सेकंद आधी संपते, बस.

दर फेरीला तीस सेकंदांची आघाडी, आणि अख्खी एक फेरी जास्त मारायची म्हणजे दोन हजार फेऱ्या हव्यात. १६ तास ४० मिनिटांच्या दोन हजार फेऱ्या म्हणजे सुमारे १,४०० दिवस. पावणेचार-चार वर्षं.

आता शेवटचा आकडा, माझा सगळ्यात लाडका. आतला बाहेरच्याकडे किती वेगाने सरकतो? साडेनऊ लाख किमी भागिले १,४०० दिवस. दिवसाला ६८० किमी, तासाला २८ किमी. दोन प्रचंड बर्फाळ धोंडे सेकंदाला १६ किमीने पळताहेत आणि एकमेकांच्या जवळ येताहेत ते जोरात चालवलेल्या सायकलच्या वेगाने.

तुमच्या गोफणीसाठी वेगाने येऊन वेगाने निसटावं लागतं. इथे सायकल आहे.

रात्रपाळी

चूक मान्य. तासाला २८ किमी वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

शंकासुर

आकडेमोड, आकडे मान्य. धडकत का नाहीत ते अजून कुणी सांगितलेलं नाही. सायकलने गेलं तरी धडकायचं ते धडकणारच.

कड्यांचा_नाद

आलो. शंकासुर, आता नीट पाहा.

आतला (समजा एपिमेथियस) मागून हळूहळू बाहेरच्या जेनसकडे येतोय. जवळ आल्यावर दोघं एकमेकांना ओढू लागतात. जेनस पुढे आहे, म्हणून तो एपिमेथियसला पुढच्या दिशेला ओढतो. पुढे ओढ मिळाली की त्याचा कोनीय संवेग (वस्तुमान, वेग आणि केंद्रापासूनचं अंतर यांचा गुणाकार) वाढतो. संवेग वाढलेला उपग्रह शनीपासून दूरच्या कक्षेत चढतो, आणि दूरची कक्षा म्हणजे संथ. झालं, एपिमेथियस मंदावला.

तिकडे एपिमेथियस जेनसला मागे ओढतोय. त्याचा संवेग घटतो, तो आतल्या कक्षेत उतरतो, आणि आतली कक्षा वेगवान. जेनस पुढे पळू लागला.

मागचा संथ, पुढचा जलद. अंतर वाढायला लागलं. हे सगळं होतं तेव्हा दोघांत दहा ते पंधरा हजार किमी अंतर उरलेलं असतं, धडकीची गोष्टच सोडा. काही आठवड्यांत अदलाबदल पुरी. मग जेनस आतल्या वाटेने निघतो आणि चारेक वर्षांनी सगळा घेर संपवून मागून एपिमेथियसपाशी येतो. पुन्हा तेच, फक्त भूमिका उलट.

थोडक्यात, ५० किमीच्या फटीतून कुणी कुणाच्या शेजारून जातच नाही. त्यामुळे मावण्याचा प्रश्न येत नाही.

शंकासुर

थांबा थांबा. पुढे ओढलं म्हणून मंदावला? मागे ओढलं म्हणून पळाला? असं कुठे असतं का राव?

चकवाचांदणी

असतं, आणि त्यापायी एका अंतराळवीराची चांगलीच फजिती झाली होती.

३ जून १९६५. जेमिनी ४ कक्षेत पोहोचलं. जेम्स मॅकडिव्हिट यांचं काम होतं की ज्या रॉकेटने त्यांना वर नेलं त्याचा रिकामा टप्पा शेजारीच तरंगतोय, त्याच्याजवळ जायचं. ते कसलेले वैमानिक. टप्पा पुढे दिसतोय, मग नाक त्याच्याकडे करून इंजिन चालवायचं, विमानात तेच करतात. त्यांनी जोर दिला आणि टप्पा आणखी लांब गेला. पुन्हा जोर, पुन्हा लांब. इंधन संपत चाललं तेव्हा नाद सोडावा लागला.

कारण वर कड्यांचा_नाद यांनी सांगितलं तेच. कक्षेत पुढे ढकललं की वर चढता, आणि वर चढलं की मागे पडता. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं, तिथून पुढे जायचं आणि मग वर यायचं. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६ने जेमिनी ७ला गाठलं ते हा हिशोब आधी करूनच.

जेनस आणि एपिमेथियस मॅकडिव्हिट यांच्यासारखेच एकमेकांकडे झेपावायला जातात आणि दुरावतात. फरक इतकाच की त्यांचं इंधन संपत नाही.

शंकासुर

हे पटलं. निदान डोक्याला पटलं, पोटाला अजून नाही. ऊर्जा कुठून आली हा प्रश्न तूर्त राखून ठेवतो.

आकडेमोड

राखून कशाला, आत्ताच घ्या. वर चढताना उपग्रह शनीच्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढतो. ओढीतून मिळालेली ऊर्जा त्या चढणीत जाते आणि वर आणखी पदरचीही जाते. हिशोब केला तर वेग घटलेलाच निघतो. ५० किमी चढलं की कक्षेतला वेग सेकंदाला अडीच मीटरने कमी होतो. एकाने जेवढा संवेग कमावला तेवढाच दुसऱ्याने गमावला. बाहेरून कुणी काही घातलं नाही.

इथे एक खाचही आहे. दोघं सारखंच सरकत नाहीत. जेनस सुमारे साडेतीन-चारपट जड. त्यामुळे अदलाबदलीत जेनसची कक्षा साधारण २० किमीने हलते आणि एपिमेथियसची ८० किमीने. आधी एपिमेथियस ५० आत होता, नंतर ५० बाहेर. एकूण १०० किमीचा बदल त्यांनी वजनाच्या उलट प्रमाणात वाटून घेतला. म्हणून ‘कक्षा बदलतात’ म्हणताना लोकांना वाटतं तसं एक दुसऱ्याच्या जागी नेमका जाऊन बसत नाही.

तक्तेवाला

हे वाचून शनिवारी रात्री स्प्रेडशीट उघडली. शनी मध्ये, दोन उपग्रह, प्रत्येक ओळ म्हणजे दहा मिनिटं. बल काढा, बलाने वेग बदला, वेगाने जागा बदला, खाली ओढा.

निकाल: दोन्ही उपग्रह गोगलगाईच्या शंखासारखे फिरत फिरत बाहेर निघून गेले. पाचशेव्या ओळीपर्यंत शनीशी त्यांचं नातंच तुटलं. न्यूटन चूक असण्याची शक्यता कमी वाटते, म्हणजे मीच. कुणी सांगेल का काय बिघडलं?

स्थिरबिंदू

तक्तेवाला, पैजेवर सांगतो: नवी जागा काढताना तुम्ही जुना वेग वापरलाय. त्या पद्धतीत दर पावलाला उपग्रह वळणाच्या किंचित बाहेर फेकला जातो आणि ऊर्जा गळण्याऐवजी वाढत जाते. एकच बदल करा. आधी वेग काढा आणि त्याच ओळीत तो नवा वेग वापरून जागा काढा. ऊर्जा थोडी वरखाली होईल पण पळून जाणार नाही.

दुसरं. खऱ्या आकड्यांनी चार वर्षं म्हणजे दहा मिनिटांच्या दोन लाखांवर ओळी. तुमचा संगणक रडेल. त्यापेक्षा दोन्ही उपग्रहांची वस्तुमानं शंभरपट करा आणि कक्षांतलं अंतर दहापट, म्हणजे ५००  किमी. या नाचाचं गणित असं आहे की अंतर वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, त्यामुळे आकार तोच राहतो आणि सगळं दहापट लवकर घडतं. चार वर्षांचं काम पाच महिन्यांत. दोघांना सुरुवातीला शनीच्या विरुद्ध बाजूंना ठेवा, म्हणजे पहिली गाठ त्याच्या निम्म्या वेळात.

आता मूळ विषयावर. या कक्षेला नाव आहे, घोड्याच्या नालाची कक्षा. जेनसवर बसून पाहिलंत तर एपिमेथियस तुमच्या पुढून निघतो, आतल्या वाटेने जवळजवळ पूर्ण वळसा घालतो, तुमच्या पाठीशी येतो, थबकतो, बाहेरच्या वाटेने उलट फिरतो. वाट नालासारखी, दोन टोकांच्या मधली फट म्हणजे तुम्ही. अशी कक्षा शक्य आहे हे अर्नेस्ट ब्राउन यांनी १९११ मध्येच गणिताने मांडलं होतं. सत्तर वर्षं ती कागदावरच पडून होती. १९८१ मध्ये डरमॉट आणि मरे यांनी शनीच्या या जोडीला ते गणित लावलं आणि ते चपखल बसलं.

पृथ्वीलाही असे सोबती आहेत. २००२ एए२९ नावाचा लहानसा लघुग्रह सूर्याभोवती आपल्याच वाटेने फिरतो आणि आपल्यापाशी येऊन परत वळतो. पण तिथे पृथ्वीपुढे तो धुळीचा कण, पृथ्वीला पत्ताही लागत नाही. दोघंही एकमेकांना जाणवेल इतकं हलवतात अशी उपग्रहांची जोडी आख्ख्या सूर्यमालेत आपल्याला ही एकच ठाऊक आहे.

वाचनमात्र

अवांतर: एपिमेथियस म्हणजे कोण? प्रोमेथियस ऐकलाय.

कड्यांचा_नाद

प्रोमेथियसचा भाऊ. प्रोमेथियस म्हणजे आधी विचार करणारा आणि एपिमेथियस म्हणजे मागाहून विचार करणारा. उशिरा सुचलेल्या शहाणपणाचा देवच म्हणा ना. ज्या उपग्रहाचं अस्तित्व बारा वर्षांनी जुने वेध उपसून उमगलं त्याला हे नाव. ठरवून दिलं की योगायोगाने, मला माहीत नाही. १९८३ मध्ये दोन्ही नावं अधिकृत झाली इतकं नक्की.

रात्रपाळी

मग शोध कुणाच्या नावावर? दोल्फस यांना जेनस, ते ठीक. पण वॉकर यांनी एपिमेथियस पाहिला तेव्हा तो वेगळा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊकच नाही त्याने शोध लावला असं कसं म्हणायचं? माझं मत लार्सन आणि फाउंटन यांच्या पारड्यात.

चकवाचांदणी

त्या हिशोबाने मग जाँ तेक्सरो यांचं काय? त्यांनी २९ ऑक्टोबर १९६६ रोजी, म्हणजे दोल्फस यांच्या दीड महिना आधी, जेनसचा फोटो काढला होता. फोटोत जेनस होता, त्यांना तो उमगला नाही. नुसतं दिसणं पुरत असेल तर जेनस तेक्सरोंचा.

एपिमेथियसचं श्रेय आता वॉकर, लार्सन आणि फाउंटन यांच्यात वाटलं जातं. मला ते न्याय्य वाटतं. एकाने ठिपका दिला, दोघांनी त्याचा अर्थ लावला.

आणि शनीचा ‘दहावा उपग्रह’ ही जागाच जरा अपशकुनी. १९०५ मध्ये विल्यम पिकरिंग यांनी शनीचा दहावा उपग्रह सापडल्याचं जाहीर केलं, थेमिस नाव दिलं, कक्षाही काढली. पुढच्या वर्षी त्यांना फ्रेंच अकादमीचं पारितोषिकही मिळालं. थेमिस परत कुणालाही दिसला नाही, कारण तो नव्हताच. म्हणून १९६६ नंतर कक्षा बसेना तेव्हा लोक सावध असले तर नवल नाही.

रात्रपाळी

थेमिसचं माहीत नव्हतं. नसलेल्या उपग्रहाची कक्षा निघू शकते आणि असलेल्या दोघांची निघत नाही, हे भारी आहे.

आकडेमोड

कारण कक्षा काढायला थोडेच वेध पुरतात. तीन चांगल्या वेधांतून काही ना काही कक्षा निघतेच, ठिपके कशाचेही असोत. परीक्षा चौथ्या वेधाला असते. पिकरिंग यांना पुढचा वेध मिळालाच नाही आणि १९६६च्या मंडळींना तो मिळाला पण बसला नाही. न बसणाऱ्या वेधांना ‘निरीक्षणातली चूक’ म्हणून बाजूला सारायचा मोह फार मोठा असतो. मी स्वतः प्रयोगशाळेत आलेखाबाहेरचे बिंदू खोडरबराने पुसलेत, खोटं कशाला बोलू. लार्सन-फाउंटन यांनी ते बिंदू टाकून न देता विचारलं की हे सगळेच खरे असतील तर काय?

तेही सोपं नव्हतं. दोन उपग्रह एकाच कक्षेत म्हणजे शंकासुर यांना जो पहिला प्रश्न पडला तोच त्या काळी कुणालाही पडला असता: धडकतील की! म्हणून तो पर्याय डोक्यातच येत नसणार.

शंकासुर

बघा, माझा प्रश्न किती ऐतिहासिक होता.

रात्रपाळी

रच्याकने, कडी काठावर येणं म्हणजे काय ते २०२५ मध्ये स्वतः पाहिलं. मार्चमध्ये पृथ्वी प्रतलातून गेली तेव्हा शनी सूर्याच्या अगदी शेजारी, काहीच दिसलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी कडी पुन्हा जवळजवळ मिटली होती, तेव्हा सहा इंची दुर्बीण लावली. नेहमीचा टोपी घातलेला शनी नव्हताच. एक फिकट पिवळी गोळी आणि तिच्या आरपार टोचलेली सुई. हवा हलली की सुई तुटायची, पुन्हा जुळायची. सुईच्या रेषेतच बाहेर टायटन, ठळक. त्याच्या आत आणखी एक ठिपका होता, रिया असावा.

जेनस आणि एपिमेथियस चौदाव्या-पंधराव्या प्रतीचे, त्यात शनीच्या कुशीत. माझ्या दुर्बिणीतून दिसण्याची शक्यता शून्य. तरी सुईच्या टोकाबाहेर दहा मिनिटं डोळे ताणून बघत होतो. एकदा काहीतरी चमकल्यासारखंही वाटलं. पिकरिंग यांच्याबद्दल आता मला बरीच सहानुभूती आहे.

चकवाचांदणी

रात्रपाळी :)

एक गोष्ट राहिलीच. ही अदलाबदल नुसती दोघांची खासगी बाब नाही, शनीची कडीही तिचा हिशोब ठेवतात.

अ कड्याची (मुख्य कड्यांतलं सगळ्यात बाहेरचं) बाहेरची कडा जिथे संपते तिथले कण जेनसच्या सहा फेऱ्यांत सात फेऱ्या मारतात. दर वेळी ठरावीक जागी हिसका बसतो. कॅसिनी यानाने २००४ पासून ही कडा वर्षानुवर्षं मोजली. जानेवारी २००६ मध्ये अदलाबदल झाली आणि जेनस आत आला. त्या काळात कडेला सात उंचवटे होते, सात पाकळ्यांसारखे, आणि ते जेनसबरोबर फिरत. जानेवारी २०१० मध्ये जेनस बाहेर गेला. त्याची कक्षा हलली किती, तर २० किमी. तेवढ्याने मेळ मोडला आणि सात पाकळ्यांचा तो ठसा विरला.

दीड लाख किमीवर २० किमी सरकणं आणि ते पंधरा हजार किमी आतल्या कड्याने ओळखणं!

शिवाय या दोघांच्या वाटेवर धुळीचं एक अंधूक कडं आहे. २००६ मध्ये कॅसिनी शनीच्या सावलीत गेलं, सूर्य शनीआड होता, तेव्हा मागून उजळलेल्या धुळीत ते दिसलं. बारीक उल्का या दोघांवर आदळून उडालेली धूळ असणार ती.

वाचनमात्र

दोघं असे आले कुठून? आधीपासून जोडी की कुणी नंतर येऊन अडकला?

स्थिरबिंदू

एकच मोठा उपग्रह फुटून दोन झाले असावेत, हा अंदाज बरेचदा मांडला जातो. पृष्ठभागावर खड्डेच खड्डे आहेत, म्हणजे दोघंही जुने आणि बराच मार खाल्लेले. घनता पाण्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. म्हणजे घट्ट बर्फसुद्धा नाही, आत पोकळ्या असलेला बर्फाचा ढिगारा. अंदाजाला हे पूरक आहे, पुरावा म्हणता येणार नाही.

कायम असेच राहतील असंही नाही. आतली कडी दोघांनाही किंचित ढकलत असतात, त्यामुळे कक्षांतलं अंतर फार सावकाश कमी होतंय असा लिसॉअर, गोल्डराइख आणि ट्रिमेन यांचा १९८५चा हिशोब आहे. पुरेसं कमी झालं की अदलाबदल थांबेल आणि एक जण कक्षेत दुसऱ्याच्या साठ अंश पुढच्या किंवा मागच्या जागेभोवती घुटमळत राहील. आपल्या हयातीत नाही, काळजी नसावी.

तक्तेवाला

स्थिरबिंदू, पैज जिंकलात. जुनाच वेग वापरला होता. सूत्रात एका ओळीचा फरक.

शंभरपट वस्तुमान, ५०० किमी अंतर, दोघं समोरासमोर, दहा मिनिटांची पावलं. तिसऱ्या स्तंभात दोघांमधला कोन ठेवला. १८० अंशांपासून निघाला. पहिल्या आठ-नऊ हजार ओळी बघवत नाहीत, नुसता कमी कमी होत जातो. ४०, ३०, २०. दहाच्या खाली गेल्यावर मी खुर्चीत पुढे सरकलो. कमी होणं मंदावलं. सहा. साडेपाच. मग पाचच्या जरा खाली येऊन दशांशानंतरचे आकडे तेवढे हलत राहिले, ओळींमागून ओळी. ही ओळ दहा हजार तीनशेच्या आसपासची, म्हणजे बहात्तरावा दिवस. आणि मग कोन वाढायला लागला. शेजारच्या स्तंभात त्रिज्या बघितल्या तर लहानगा बाहेर, मोठा आत.

मी कुठेही ‘इथे वळा’ असं लिहिलेलं नाही. फक्त व्यस्त वर्गाचा नियम आणि खाली ओढलेला माउस.

आकडेमोड

पाच अंशांच्या जरा खाली? दीड लाख किमी त्रिज्येवर ते साडेबारा हजार किमी होतात. वर कड्यांचा_नाद यांनी दहा ते पंधरा हजार म्हटलं होतं. तक्तेवाला, कोन बदलत नाही हे स्थिरबिंदूंचं म्हणणंही पडताळून झालं.

शंकासुर

तक्तेवाला, फाइल पाठवा. मी एपिमेथियसला जेनसच्या मागे हजार किमीवर ठेवून सोडणार आहे. धडकवल्याशिवाय मला झोप लागणार नाही.